सिस्टर, तुम्ही माझा हात धरलात

प्रिय सिस्टर,

सरकारी इस्पितळातून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी आपल्या इमारतीत तुम्ही सगळ्यांच्या सिस्टरच. नावाने हाक मारणारं कुणी नाही, म्हणून मीही नाव लिहीत नाही. तोंडावर आभार मानायला गेलो की तुम्ही लगेच आमच्या तान्ह्या लेकीबद्दल ‘बाय जेवली का?’ विचारून विषय मोडता. घरात आपण कोंकणी बोलतो, पण सकाळी पेपर वाचतो तो मराठी. तेव्हा हे पत्र मराठीतून, आणि आमच्यासारख्या इतर आईबापांनाही वाचता यावं म्हणून सगळ्यांसमोर.

ती संध्याकाळ माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. फोंड्यात दुपारपासून पाऊस कोसळत होता, वीज गेली होती. हिची कंपनीची बस वेर्ण्याहून अजून यायची होती. सव्वीस आठवड्यांची बाळंतपणाची रजा संपून ही कामावर रुजू झाली त्याला दोनच महिने झाले होते. बाय आठ महिन्यांची. कान दुखत होता, ताप होता, आणि अँटिबायोटिकचा तिसरा दिवस. दिवसातून दोनदा चार-चार मिली. तीन दिवसांत पोटात किती गेलं आणि झबल्यावर किती सांडलं, मला सांगता आलं नसतं.

तुम्ही दारात आलात तेव्हा काय चाललं होतं ते मी लपवत नाही. माझी आई पाय पसरून बसली होती आणि बाय तिच्या पायांवर उताणी, न्हाऊ घालताना घेतात तशी. आईने तिचे दोन्ही हात धरलेले. माझ्या एका हातात काठोकाठ भरलेला चमचा आणि दुसऱ्या हाताची चिमट तिच्या नाकावर. आमच्याकडे गुटी, काढा, औषध, सगळं असंच पाजत आलेत. नाक दाबलं की तोंड उघडतं, हे लहानपणापासून ऐकलेलं. पोर किंचाळत होती, मलाही रडू येत होतं, पण औषध तर जायलाच हवं ना?

तुम्ही काही न बोलता माझं मनगट धरलंत. मग हळूच म्हणालात, ‘रडटना घालूं नाका.’ रडताना घालू नका.

पुढे जे समजावलंत ते मला कुणीच सांगितलं नव्हतं, दवाखान्यात नाही आणि औषधाच्या दुकानातही नाही. रडताना मूल मध्येच मोठा श्वास आत ओढतं. नाक बंद असलं तर तो श्वास तोंडानेच घ्यावा लागतो, आणि तोंडात तेव्हा औषध असतं. उताणं असेल तर ते थेट घशात उतरतं आणि अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जाऊ शकतं. तोंड उघडलं म्हणजे गिळलं असं नव्हे. सिस्टर, त्या रात्री मी झोपलेल्या बायच्या छातीवर हात ठेवून किती वेळ बसलो होतो, तुम्हांला ठाऊक नाही.

तुम्ही आधी चमचा खाली ठेवायला लावलात. बायला उचलून गॅलरीत नेलंत आणि पागोळ्या दाखवत उभ्या राहिलात. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मला घाई झाली होती, तुम्हांला नव्हती. ती निवल्यावर तुम्ही मला खुर्चीत बसवलंत आणि तिला माझ्या मांडीवर. डोकं माझ्या कोपराच्या खळीत, जरासं उंच. तिचा एक हात माझ्या पाठीमागे, दुसरा माझ्या तळहातात. धरून ठेवायचं, पण दाबायचं नाही.

मग घरून आणलेली पाच मिलीची नवी सिरिंज काढलीत, सुई नसलेली. (दुकानातून घेताना सुई आणि तिचं बारीक टोपण तिथेच ठेवून यायला तुम्ही बजावलंत. रांगत्या पोराच्या हाती टोपण लागलं तर ते घशात अडकतं.) सिरिंजचं टोक ओठांच्या कोपऱ्यातून आत, हिरडी आणि गाल यांच्या मधल्या खोबणीत. समोरून घशाच्या दिशेने कधीच नाही. दट्ट्या किंचित दाबलात, अर्ध्या मिलीएवढं औषध गेलं, आणि थांबलात. मला म्हणालात, ‘पळय, तिका गिळूंक दी.’ बघ, तिला गिळू दे. मी पहिल्यांदाच तिच्या गळ्याकडे पाहिलं. ती छोटीशी हालचाल झाली, घोट उतरला. पुन्हा अर्धा मिली, पुन्हा थांबणं. चार मिलीला आठ वेळा. शेवटी उकळून गार केलेल्या पाण्याचा एक चमचा. तिने तोंड वाकडं केलं, कारण औषध कडूच होतं. पण ती रडली नाही.

त्याआधी मी काय काय करून पाहिलं होतं तेही तुम्ही एकेक विचारून घेतलंत. सकाळी मी तिच्या वाटीभर तिजानीत, म्हणजे नाचण्याच्या खिरीत, औषध कालवलं होतं. तिने अर्धी वाटी खाल्ली, म्हणजे औषधही अर्धंच गेलं, आणि पुढे दोन दिवस नाचण्याचा वाससुद्धा तिला नको झाला. दुधाच्या बाटलीत घातलं असतं तरी हेच झालं असतं, असं तुम्ही म्हणालात. आईने मधाचं बोट लावायचं सुचवलं. तुम्ही आईच्या शेजारी खाली बसून सांगितलंत की वर्षाच्या आत मध अजिबात नको. मधात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना ते बाधत नाहीत, पण तान्ह्याच्या आतड्यात वाढून विष तयार करतात आणि मूल लुळं पडतं. आईने स्वतःच्या मुलांना गुटीबरोबर मध चाटवलाय. तिचा मान राखून हे सांगणं मला जमलं नसतं. तुम्ही सांगितलंत आणि तिने ऐकलं. तेव्हापासून घरातली मधाची बाटली वरच्या फळीवर आहे.

नंतर तुम्ही अँटिबायोटिकची बाटली मेणबत्तीपाशी धरलीत. तळाला भुकटीचा गठ्ठा तसाच होता. मी एकदम खुणेपर्यंत पाणी ओतून दोनदा हलवून ठेवली होती. वरचं पातळ तिच्या पोटात जात होतं आणि औषध तळाशी. आधी भुकटी बाटली आपटून मोकळी करायची, निम्मं पाणी घालून जोरात हलवायचं, मग खुणेपर्यंत भरून पुन्हा हलवायचं, आणि प्रत्येक वेळी पाजण्याआधीही हलवायचं. बनवल्याची तारीख बाटलीवर लिहायची, कारण वेष्टनावर दिलेले दिवस संपले की उरलेलं टाकून द्यायचं असतं. तुमच्या सांगण्यावरून मी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी नवीन बाटली घ्यायला सांगितली.

आणि आता ते, ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला बसलो. तापाच्या सिरपची बाटली दुपारी माझ्या हातून फुटली होती. घरात तेच औषध थेंबांच्या बाटलीत होतं, लशीनंतरच्या तापासाठी आणलेलं. नाव तेच, पॅरासिटामॉल. चिठ्ठीवर लिहिलं होतं ४ मिली, म्हणून मी थेंबांच्या बाटलीतून ४ मिली काढायला निघालो होतो. तुम्ही दोन्ही लेबलं मला मोठ्याने वाचायला लावलीत. फुटलेल्या बाटलीच्या खोक्यावर ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम. थेंबांवर १ मिलीत १०० मिलिग्रॅम. म्हणजे सिरपच्या ४ मिलीत १०० मिलिग्रॅम, आणि थेंबांच्या ४ मिलीत ४००. आठ किलोच्या पोरीला चौपट. हे औषध जास्त झालं तर यकृतावर जातं, आणि पहिल्या दिवशी कळतही नाही. तुम्ही आवाज चढवला नाहीत. एवढंच म्हणालात, की नाव वाचून औषध द्यायचं नाही, एका मिलीत किती मिलिग्रॅम ते वाचायचं, आणि बाटली बदलली तर डॉक्टरांना विचारून मगच.

सिस्टर, तुम्ही पायऱ्या चढून वर आला नसतात तर? हा प्रश्न मी हिला अजून नीट सांगू शकलेलो नाही. हे पत्र वाचून तिला कळेल.

चौथ्या दिवशी बायने औषधानंतर लगेच ओकारी काढली, तेव्हा पुन्हा पाजावं असं मनात आलं होतं. पण तुमचं आठवलं आणि आधी डॉक्टरांना फोन केला. शेवटचे दोन दिवस ताप नव्हता, कानाला हात लावत नव्हती, तरी डॉक्टरांनी लिहिलेले सगळे डोस पुरे केले. फ्रिजमधलं औषध सिरिंजमध्ये भरून क्षणभर मुठीत धरतो, गारवा निघतो. अधूनमधून ती बरी असतानाही सिरिंजमध्ये उकळून गार केलेलं थोडं पाणी भरून देतो, म्हणजे तिच्यासाठी ती औषधाचीच वस्तू राहत नाही. हेही तुमचंच. आरोग्य केंद्रातून मिळणारं लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा, १ मिली, तेही आता गालाच्या खोबणीतून न रडता जातं. परवा आईने एकटीने पाजलं. मांडीवर बसवून, थांबत थांबत. मी दारातून पाहत होतो.

त्या संध्याकाळी तुम्ही पाण्यासाठी आणलेली स्टीलची छोटी वाटी आमच्याकडेच राहिली आहे. रिकामी परत करायची नाही, असं आईने ठरवलंय. चवथीच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, झाल्या की ती भरून घेऊन मी येईन, बायला कडेवर घेऊन. तेव्हा मात्र विषय बदलू नका.

तुमचा,
दुसऱ्या मजल्यावरचा, बायचा बाबा