एअर गनच्या आवाजाचा हिशेब परवान्याआधी मागावा

माननीय मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

समुद्रतळाखालील तेल आणि वायूचे साठे शोधण्यासाठी होणाऱ्या सायस्मिक सर्वेक्षणांना (म्हणजे तळाकडे आवाज सोडून खालच्या थरांवरून परतणारे प्रतिध्वनी नोंदवण्याला) परवाना देण्यापूर्वी, एअर गनच्या, म्हणजे दाबलेली हवा एकदम सोडून आवाज करणाऱ्या यंत्रांच्या, संचातून किती आवाज समुद्रात सोडला जाणार आहे आणि तेवढा का लागतो, याचे लेखी उत्तर आपल्या खात्याने घ्यावे, अशी माझी विनंती आहे.

जहाजामागे काही मीटर खोलीवर ओढल्या जाणाऱ्या या संचातून चौरस इंचाला सुमारे २००० पौंड दाबाची हवा दर दहा-पंधरा सेकंदांनी एकदम सोडली जाते, आणि हे काम रात्रंदिवस, कित्येक आठवडे चालते. एकट्या गनमधून सुटलेला बुडबुडा फुगत-आकसत राहून नको असलेले पडसाद उमटवतो. म्हणून निरनिराळ्या आकारमानाच्या गन एकाच वेळी डागतात, ज्यामुळे पहिले ठोके एकमेकांत मिळतात आणि मागाहूनचे पडसाद विरतात. ही रचना खरोखर कौशल्याची आहे. ती ध्वनीचा मुख्य झोत खाली वळवते, पण आडवा पसरणारा आवाज थांबवू शकत नाही. अटलांटिकच्या मधोमध ठेवलेल्या हायड्रोफोनवर (पाण्याखालच्या ध्वनिग्राहकावर) सुमारे ४००० किलोमीटर दूरच्या एअर गन ऐकू आल्या आहेत. या आवाजाचा मोठा भाग २०० हर्ट्झच्या खाली असतो, आणि निळे व फिन देवमासे नेमके त्याच पट्ट्यात एकमेकांना साद घालतात.

ब्रिटनने १९९५ मध्ये घालून दिलेल्या आणि नंतर अनेक देशांत अनुकरण झालेल्या पद्धतीत जहाजावरचे निरीक्षक देवमासे-डॉल्फिनसारखे प्राणी दिसतात का, यासाठी ५०० मीटरांच्या परिसरावर नजर ठेवतात आणि आवाज हळूहळू वाढवत नेला जातो. ही खबरदारी हवीच. मात्र डेकवरून मासे दिसत नाहीत, पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, म्हणजे प्लवक, तर नाहीच. बॅरेंट्स समुद्रातील १९९६ च्या अभ्यासात सर्वेक्षणाच्या काळात कॉड आणि हॅडॉक यांची पकड सरासरी निम्म्याने घटली होती. टास्मानियाजवळच्या २०१७ च्या प्रयोगात एका गनच्या माऱ्यानंतर १.२ किलोमीटरपर्यंत प्राणीप्लवकांवर परिणाम आढळला. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत इतका मोठा परिणाम दिसलेला नाही, हे मी मान्य करतो. परंतु म्हणूनच आवाज उगमापाशी कमी करणे अधिक शहाणपणाचे ठरते.

अर्जात संचाचे एकूण आकारमान लिहून भागत नाही, कारण आवाजाचा दाब गनच्या संख्येबरोबर जवळपास त्याच प्रमाणात वाढतो, तर एका गनचे आकारमान दुप्पट केले तरी तो साधारण पाव पटीनेच वाढतो. म्हणून अर्जदाराने सर्व दिशांतील आवाजाचे गणित द्यावे, अपेक्षित खोलीसाठी याहून लहान संच का पुरणार नाही ते सांगावे, आणि सर्वेक्षण सुरू होताच हायड्रोफोनने मोजलेले आकडे त्या गणिताशेजारी जाहीर करावेत. तळाखालच्या थरांच्या चित्रणाला फारशा उपयोगी न पडणाऱ्या, पण डॉल्फिनना ऐकू येणाऱ्या उच्च वारंवारता कमी करणाऱ्या गन उपलब्ध आहेत. जिथे त्या पुरतील तिथे त्याच वापरण्याची अट परवान्यात असावी. आधीच्या सर्वेक्षणाची माहिती उपलब्ध असेल, तर तोच पट्टा पुन्हा आवाजाखाली घालण्यापूर्वी ती अपुरी का आहे, हेही अर्जदाराला विचारले जावे.

आपला नम्र,
एक नागरिक