तपकिरीच्या बाटलीबद्दल, ताईंना

ताई,

सप्रेम नमस्कार.

"माझं नाव कुठे घालू नकोस" असं बजावलंत, म्हणून नुसतं ताई. आभार मात्र चारचौघांतच मानणार.

आमचे आजोबा बोटीवर नोकरीला होते. त्यांनी आणलेल्या बोटभर उंचीच्या चिनी मातीच्या बाटलीत आजी निलगिरीचं तेल ठेवायची. पांढऱ्यावर निळा कोळी, हातात गळ. मामाच्या मते अत्तरदाणी, काकांच्या मते शोभेची वस्तू. तुम्ही भिंग घेऊन आधी तळ पाहिलात, मग तोंड. "पोट एवढं आणि भोक एवढंसं? तपकिरीची आहे ही." बुचाला आतून लांब दांड्याचा इवलासा चमचा असायचा, तो तळाची तपकीर वर काढायचा. आमचं बूच कधीच गेलं.

मग तुम्ही जे सांगत सुटलात! चीनमध्ये तंबाखू १६व्या शतकाच्या अखेरीस पोचली. तिचा धूर ओढण्यावर बंदी आली, तपकीर मात्र सर्दी-डोकेदुखीवरचं औषध म्हणून निभावली. दमट हवेत ती डबीत टिकेना, मग औषधाच्या बाटल्यांत भरू लागले. दरबारी लोकांकडे काचेच्या नि जेड या मौल्यवान दगडाच्या. १९व्या शतकात चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध जिंगदेझेन शहराच्या भट्ट्यांतून चिनी मातीच्या ढिगाने निघाल्या. १९१२ साली बादशाही संपली, तपकीरही मागे पडली आणि बाटल्या शौकिनांच्या कपाटात गेल्या.

मला सगळ्यात आवडला तो इजिप्तचा किस्सा. १९व्या शतकात तिथल्या थीब्स या प्राचीन शहराच्या थडग्यांत अशाच छोट्या चिनी बाटल्या 'सापडल्या', आणि फॅरोंच्या, म्हणजे इजिप्तच्या प्राचीन राजांच्या, काळी चीनशी व्यापार होता असं भलेभले विद्वान लिहू लागले. चिनी जाणणाऱ्यांनी बाटल्यांवरच्या ओळी वाचल्या, तर त्या चीनच्या थांग राजवटीतल्या (६१८–९०७) कवितांच्या! शेवटचा फॅरो जाऊन तोवर कित्येक शतकं लोटलेली. जुन्या वस्तू विकणाऱ्यांनी कालपरवाच्या बाटल्या गोऱ्या पाहुण्यांच्या गळ्यात मारल्या होत्या. हे सांगताना तुम्हीच इतक्या हसलात की चहा निवला.

मामाने तीनदा विचारूनही किंमत सांगितली नाहीत, त्याबद्दल आईकडून वेगळे आभार. नाहीतर वाटणीचा विषय निघालाच असता.

आता एकच. नवं बूच करून घ्यावं असं काका म्हणतात, आईचा विरोध आहे. तुमचं मत कळवा, म्हणजे वाद मिटेल.

तुमची,
निलगिरीवाल्या आजीची नात