तबल्याला नवी पुडी चढवली आहे

नौपाडा, ठाणे
शुक्रवार, रात्रीचे साडेदहा

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

फोनच केला असता, पण फोनवर आपलं काय होतं ते तुलाही माहीत आहे. तू "हं आई, हं" म्हणत राहतेस आणि मागे की-बोर्डची टकटक चालू असते. म्हणून लिहिते आहे. याचा फोटो काढून दादाला पाठवू नकोस. तो लगेच मला फोन करून "आई, तू शांत राहा" म्हणेल आणि मग मी शांत राहत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे परत काढणार नाही. गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझ्या बॅगेत मेतकुटाचा डबा ठेवत होते. तो उभा राहीना म्हणून बाजूचा कप्पा उघडला, तर त्यात गोळ्यांची पट्टी. दहातल्या सहा संपलेल्या. मी काही शोधत नव्हते. चष्मा स्वयंपाकघरात होता, तरी गोळी कसली आहे ते ओळखलं. तू खाली रिक्षा थांबवून हाका मारत होतीस, मी चेन लावली आणि बॅग दारात आणून ठेवली. रात्री फक्त पोचलीस का विचारलं. झालं. हा विषय संपला.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. आरतीच्या वेळचं भांडण.

त्या संध्याकाळी अख्खा मजला आपल्याकडे होता. खालची पोरं झांजा बडवत होती आणि मी पेटीवर होते, आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत. हात गार पडले होते. वाटलं, तू शेजारी तबल्यावर बसलीस तर मला धीर येईल. हेच, एवढंच म्हणायचं होतं. पण तोंडातून काय आलं, तर "काढ की तबला, मध्यमा पूर्ण झालेली मुलगी तू!" सगळ्यांसमोर. तू हळूच म्हणालीस, "आई, मला आता परीक्षा द्यायची नाहीये." ते फक्त मला ऐकू आलं. नंतर आत जाऊन मी जे बोलले ते मात्र खालच्या वॉचमनपर्यंत गेलं असेल. एवढे पैसे, एवढी वर्षं, क्लासबाहेर पायरीवर बसून काढलेल्या संध्याकाळी, सगळं काढलं. नको होतं काढायला. त्याबद्दल माफी मागते.

तू गेल्यापासून तुझं ते वाक्य कानात आहे. खरंच की, मी तुला तबला दिलाच नाही, परीक्षा दिल्या. प्रारंभिक, मग प्रवेशिकेच्या दोन, मध्यमेच्या दोन. पहाटे पावणेसहाला उठवायचे. कुकरच्या शिट्ट्या मोजाव्यात तसे तुझे पलटे मोजायचे. कालनिर्णयच्या चौकोनात रोज किती मिनिटं रियाज झाला ते पेनाने लिहायचे. टीएमटीच्या बसमध्ये उभ्याने तुझ्याकडून झपतालाची दुगुन हातावर म्हणून घ्यायचे आणि एखादी मात्रा चुकली की कंडक्टरसमोर डोळे वटारायचे. मार्क चांगले पडले, ते खरं. त्या सर्टिफिकिटांची फाइल आजही कपाटात वरच आहे, आणि खोटं कशाला सांगू, रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगला आलेल्या बायकांनासुद्धा मी ती दाखवली.

पण मला आठवतो तो बेडूक. तुला आठवतो का? आठ-नऊ वर्षांची असशील. तीनतालाचा ठेका लावून दिला होता, तो सोडून तू डग्ग्यावर मनगट दाबून घासत होतीस आणि त्यातून हुबेहूब बेडकासारखा आवाज काढत होतीस. एक मोठा बेडूक, एक छोटा. दोघांचं भांडण चाललं होतं. एकटीच खुदुखुदू हसत होतीस. मी आतून ओरडले, "हे अभ्यासक्रमात आहे का?" बेडूक बंद. तुझा ठेका परत सुरू, अगदी स्वच्छ. मी खूश झाले होते, मनू. मला वाटलं, ऐकते पोरगी माझं.

विशारदचा फॉर्म भरायच्या वर्षी तू तबला बंद केलास, तेव्हा मला वाटलं कॉलेजचा अभ्यास वाढला. बाबा म्हणाले होते, "अगं, तिला कंटाळा आलाय." मी त्यांना म्हटलं, तुम्हाला गाण्यातलं काय कळतं. त्यांना खरंच काही कळत नव्हतं, भीमसेन जोशी आणि वसंतराव देशपांडे यांतला फरकही सांगता यायचा नाही. पण हे कळलं होतं.

आता माझी पेटी. मावशी मुलाकडे पुण्याला गेली तेव्हा ती आपल्याकडे आली हे तुला माहीत आहे. बरेच महिने तिच्यावर टीव्हीचे रिमोट ठेवलेले असायचे. मग एक दिवस भाता उघडला, तर पट्टीला हात न लावताच आतून कोमल निषाद भोंग्यासारखा वाजायला लागला, थांबेचना. दुरुस्तीला नेली. पेटीवाले म्हणाले, पट्टीखालची स्प्रिंग गेली आहे, पण सूर पालिताण्याचे आहेत, जपा. मला कुठे माहीत होतं की पेटीतल्या त्या पितळी पत्त्यांनाच सूर म्हणतात आणि त्या गुजरातमध्ये पालिताण्याला घडतात. घरी आणली, आणि आणलीच आहे तर शिकावी म्हणून गुरुवार-शनिवारचा क्लास लावला.

माझ्याबरोबर चौघं आहेत, सगळ्यात मोठं पोरगं सहावीत. पहिल्याच आठवड्यात त्यातलं एक मला म्हणालं, "आजी, तुमचा अंगठा खालून जात नाहीये." चार सूर वाजवून पुढे जाताना अंगठा बोटांखालून सरकवायचा असतो, आणि माझा अंगठा चाळीस वर्षं पोळीच्या काठावर दाबायला शिकलेला. तीन महिने लागले त्याला. डावा हात भात्यावर, तो थांबला की सूर मेला. उजवा पट्ट्यांवर, तो घाईत. पाहते उजव्याकडे, तर डावा विसरतो. या सगळ्यात कर्ज, गुडघे, बिल्डर, तू, काही म्हणजे काही डोक्यात येत नाही. तू सुद्धा नाही. हे लिहिताना जरा अपराधी वाटतं, पण तसंच आहे.

आणि एक गंमत. एकदा रात्री सहज काळी तीनला, म्हणजे तिसऱ्या काळ्या पट्टीला, सा धरला आणि भूप वाजवायला गेले. सा रे ग प ध, पाचच सूर. तर पाचही काळ्या पट्ट्यांवर! काळी तीन, चार, पाच, मग पुढच्या सप्तकातली काळी एक आणि काळी दोन. एकाही पांढरीला हात लावावा लागला नाही. मी अक्षरशः उठून दिवा लावला आणि परत मोजलं. शनिवारी क्लासमध्ये मोठ्या तोऱ्यात सांगितलं, तर आमच्या बाई हसल्या आणि म्हणाल्या, हे सगळ्यांनाच कधी ना कधी सापडतं. सापडू दे. मला माझं मी सापडवलं ना. साठ वर्षांच्या आयुष्यात अशी फुकटची, कोणाच्याही उपयोगाची नसलेली गोष्ट मला कितीदा मिळाली असेल?

बाईंनी त्याच दिवशी सांगितलं की १९४० ते १९७१ आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. एकतीस वर्षं! का, तर तिच्यावर मींड निघत नाही, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, आपल्या श्रुती, ते सुरांमधले बारीक फरक, तिच्या ठोकळेबाज पट्ट्यांत बसत नाहीत, आणि मुळात ती परदेशी. आक्षेप काही खोटे नाहीत, म्हणाल्या. पण तेवढ्या वर्षांत कुठल्या देवळातली पेटी थांबली? सहावीतल्या पोराने विचारलं, मग रेडिओवाल्यांना कळायचं नाही का कोणी घरी वाजवली तर? बाई म्हणाल्या, घरी वाजवायला कोणाची परवानगी लागते रे. मी खाली मान घालून भाता मारत बसले. कालनिर्णयवर मिनिटं लिहिणारी मी.

माझे अण्णा. तुला ते फक्त खोकणारे आजोबा म्हणून आठवत असतील. त्यांच्या ऑफिसच्या पिशवीत डब्याशेजारी फडक्यात गुंडाळलेले टाळ असायचे. कल्याणहून येणाऱ्या स्लो लोकलमध्ये त्यांचं भजनी मंडळ, ठाण्याला यांच्यासाठी दाराशी जागा राखलेली. ठाण्याहून व्हीटीला तासभर. रूपाच्या अभंगाने सुरुवात, दादरच्या आसपास गवळण, भायखळा गेलं की भैरवी. रोज. मंडळाला नाव नव्हतं की बक्षीस नव्हतं. अण्णांचा आवाज फाटका होता, टाळही मधूनच पुढे पळायचा, असं त्यांचे मित्रच सांगायचे. पण घरी आल्यावर साहेबाबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. आईला वाटायचं साहेब चांगला आहे. साहेब कसा होता ते आम्हाला अण्णा रिटायर झाल्यावर कळलं.

मग मला वाटतं, तुझ्याकडे काय आहे? सकाळी लॅपटॉप, रात्री अमेरिकेचे कॉल, त्यानंतर मोबाइल. एक वाजता "सीन" दिसतं मला. तुम्हा लोकांना रिकामं बसता येत नाही आणि झोपताही येत नाही. अंथरुणात फोन घेऊन पडलं तर झोप येणार कशी? माणसाने दिवसातून अर्धा तास तरी असं काही करावं ज्याचा पगार नाही, ज्याला कोणी लाइक करत नाही...

बघ. लागले भाषण द्यायला. तू टीम सांभाळतेस, तिथे एकटीने घर चालवतेस, बाबांच्या आजारपणात हॉस्पिटलची सगळी बिलं तू एका वहीत नीट लावली होतीस. तुला मी काय शिकवणार. खोड.

मात्र गोळी मी कशी ओळखली ते सांगायचं राहिलं. बाबा गेले त्या वर्षी मी तीच घेत होते. तोच रंग, तशीच पट्टी. रात्री अर्धी, चार महिने. तुम्हा दोघांना सांगितलं नाही, दादा परत यायला निघाला असता आणि तू रजा टाकली असतीस. उशीच्या अभ्र्यात लपवायचे. पेटीमुळे झोप लागायला लागली असं मी म्हणणार नाही, तसं काही झालं नाही. डॉक्टरांनीच ती हळूहळू कमी केली. पेटी त्याच्यानंतर आली. पण संध्याकाळी सातची वेळ, बाबांचा लॅच उघडल्याचा आवाज यायची, ती वेळ मला खायला उठायची. आता त्या वेळेला मी भाता मारत असते. तेवढंच.

तर मनू, घेत असशील तर घे. त्यात लपवण्यासारखं काही नाही, मीच मूर्ख होते लपवणारी. डॉक्टरांनी लिहून दिली आहे ना, की कुणा मैत्रिणीने दिली? आणि माझं पत्र वाचून रागाने एकदम बंदही करू नकोस, बंद करायचीही विचारूनच. बघ, परत काढला विषय. संपला म्हणाले होते.

खरी बातमी राहिलीच. माळा रिकामा करायला लागणारच होता, म्हणून तुझा तबला-डग्गा खाली काढला. त्यांच्या खाली ठेवायच्या चुंबळीही निघाल्या, त्यातली एक झुरळांनी खाल्लेली. डग्गा धड आहे. तबल्याची शाई, तो मधला काळा गोल, मात्र खपल्या धरून निघत होती. स्टेशनजवळच्या तबलेवाल्यांकडे नेला. त्यांनी विचारलं स्वर कुठला, माझ्या तोंडून लगेच "काळी चार". तुझ्या ब्लड ग्रुपइतकं पाठ आहे मला. नवी पुडी, म्हणजे वरचं सगळं चामडंच, चढवून घेतली. म्हणाले, पावसाळी हवेत स्वर उतरेल जरा, दसऱ्यानंतर आणा, परत चढवून देतो.

पाठवत नाही. तुझ्या शेजाऱ्यांना रात्री कोण आवाज देणार, आणि पाठवला की परत तुझ्या डोक्यावर एक काम. पेटीशेजारी जुन्या साडीखाली झाकून ठेवला आहे. दिवाळीला आलीस आणि हात लावला नाहीस तरी मी काही म्हणणार नाही. म्हणजे, प्रयत्न करीन. फाइल आतल्या कपाटात टाकते, तुझ्या नजरेला पडणार नाही अशी.

काल सगळी कामं झाल्यावर दार लावून डग्ग्यावर बसले आणि बेडूक काढायचा प्रयत्न केला. नुसती चामडं घासल्याची खरखर. मनगट किती दाबायचं आणि कुठून कुठे न्यायचं, हे तू आलीस की एकदा दाखव. मोठा नाही आला तरी चालेल, छोटा बेडूक तरी.

तुझी,
आई

ता. क. मेतकुटाच्या डब्याचं झाकण सैल आहे, फ्रीजमध्ये आडवा ठेवू नकोस. आणि गोळी अर्धी घेतेस की पूर्ण, तेवढं फक्त कळव.