सीटखालचे पुस्तक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत बंगाली लेखक मनोरंजन ब्यापारी यांच्यावर अख्खे पान दिलेत, बरे वाटले. पण मथळा काय, तर 'माजी नक्षलवादी'. मजकुराचा निम्मा भाग बॉम्ब आणि पळापळीत गेला आणि हा माणूस तुरुंगात अक्षर शिकला, हे एका ओळीत उरकले. चित्रही काढले ते आपल्याकडच्या ऑटोचे! कोलकात्यात जादवपूरला ते चालवत होते ती सायकल रिक्षा. फरक पडतो हो. गुडघ्यांना विचारा.

मी सोलापूरच्या पूर्व भागातला, पस्तीस वर्षे लूमवर काढलेला माणूस. नक्षलवादी हा शब्द आमच्या घरात पेपरातून आला नाही. तेलंगणातले, करीमनगरकडचे पाहुणे आले की जेवणे झाल्यावर आवाज खाली घेऊन 'अन्नलूं'च्या गोष्टी सांगत. अन्नलू म्हणजे तेलुगूत थोरले भाऊ; नक्षलवाद्यांना तिकडे तसे म्हणत. कुणी धाकाने म्हणे, कुणी मायेने. त्या गोष्टी रंगतात हे मला ठाऊक आहे, आम्ही पोरे त्यासाठी जागत बसायचो.

ब्यापारींची खरी गोष्ट मात्र तिथे सुरू होत नाही. पूर्व बंगालातून आलेले, नमशूद्र या दलित जातीतले निर्वासित कुटुंब, छावणी, भूक, शाळेचे तोंड नाही. सत्तरच्या दशकात ते नक्षल चळवळीत ओढले गेले आणि तुरुंगात गेले. तिथे एका कैद्याच्या नादाने त्यांनी जमिनीवर काडीने अक्षरे गिरवली. बाहेर आल्यावर रिक्षा, आणि वाचायचे वेड. एकदा एका प्रवासी बाईंना त्यांनी विचारले, 'जिजीविषा' म्हणजे काय? बाईंनी सांगितले, जगण्याची इच्छा. आणि वर म्हणाल्या, माझ्या मासिकासाठी लिही. त्या होत्या थोर बंगाली लेखिका महाश्वेतादेवी. ब्यापारी तेव्हा वाचत होते ते, रिक्षाच्या सीटखाली ठेवलेले पुस्तकही महाश्वेतादेवींचेच. 1981 मध्ये ब्यापारींचे पहिले लिखाण छापून आले, ते रिक्षावाल्याच्या जिण्यावर.

पुढे आत्मकथा, पुरस्कार, सगळे झाले, पण घर चालत होते ते मूकबधिर मुलांच्या शाळेत स्वयंपाक करून. तोही वीसेक वर्षे. गुडघे साथ देईनात तेव्हा, 2020 मध्ये, सरकारने त्यांची बदली स्वयंपाकघरातून ग्रंथालयात केली. 2021 मध्ये तृणमूलकडून ते बलागडचे आमदार झाले. आमदारकीत स्वपक्षीयांशीच त्यांचे जाहीर खटके उडाले. त्या भागात मला फार रस नाही. आमदार आपण पुष्कळ पाहिले.

मला राहून राहून आठवते ती माझी आई. विड्या वळायची. कारखान्यात माल दिला की छाट काढायचे, हजारातल्या किती बाद केल्या ते चिठ्ठीवर लिहून द्यायचे. आईला तोंडी हिशेब कळे, वाचता येत नसे. ती चिठ्ठी मी वाचावी म्हणून मला दुसरीत असतानाच मराठी वाचता येऊ लागले, घरात सगळे तेलुगू बोलत असूनही. छाट जास्त निघाली की मी आकडा हळू वाचायचो.

आता मुद्द्याचे. आमच्या भागातले वाचनालय संध्याकाळी सातला बंद होते. लूमची पाळी आठला सुटते. म्हणजे कामगाराने पेपर वाचायचा तो रविवारी, आणि रविवारी वाचनालयाला सुट्टी! दोन वेळा अर्ज दिला, पोच मिळाली, उत्तर नाही. मागणी एवढीच, की आठवड्यातून तीन दिवस तरी दहापर्यंत दार उघडे ठेवा. दिव्याचा आणि शिपायाच्या जादा वेळेचा खर्च आम्ही चारपाच जण वर्गणी काढून देऊ, हेही अर्जात लिहिले आहे.

पुरवणीतले ते पान मी कापून ठेवले आहे. बंदुकीचा भाग घडी घालून मागे घेतला, म्हणजे तुरुंगाची ती ओळ वर दिसते. वाचनालयाच्या फळ्यावर लावायचे म्हणतो. तोवर आपण ऑटोच्या जागी सायकल रिक्षा छापून चूक दुरुस्त केलीत तर बरे होईल.

आपला,
एक निवृत्त जॉबर,
साखरपेठ, सोलापूर