गाडी का तापते ते न शोधताच पार्ट बदलले, त्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

विषय: २०११ ची पेट्रोल गाडी, इंजिन तापण्याची तक्रार, जळगावच्या तुमच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने कारण न शोधता लावलेला खर्च परत मिळणेबाबत

साहेब नमस्कार,

तुमच्या कंपनीची गाडी मी २०११ पासून वापरतोय, सव्वा लाख किलोमीटरच्या वर चाललीये आणि सगळ्या सर्व्हिस अधिकृत सेंटरलाच केल्यात, बिलं जपून ठेवलीत. गाडीवर माझा राग नाही, गाडी खरंच चांगली आहे. राग याचा आहे की ती का तापते हे तुमच्या सेंटरमध्ये कोणी शोधलंच नाही, एकामागून एक पार्ट बदलत राहिले, पैसे घेत राहिले, आणि शेवटी चांगल्या इंजिनचं हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उतरवायला निघाले होते.

मी पाचोऱ्याला राहतो, मुलगी संभाजीनगरला शिकते, म्हणून चाळीसगाववरून कन्नड घाट चढून जाणंयेणं असतं. मार्चपासून असं व्हायला लागलं की घाटात दुसऱ्या गिअरवर एसी लावून चढताना टेंपरेचरचा काटा अर्ध्याच्या वर जायचा, मग लाल रेघेपर्यंत. एसी बंद केला की हळूहळू खाली यायचा. सपाट रस्त्यावर एसी बंद असला तर काहीच त्रास नाही, गावात पण नाही, फक्त फॅन सारखा फुल स्पीडला ओरडत राहायचा. आणि उभ्या गाडीत एसी जवळपास गार करायचाच नाही. हे सगळं मी सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरला पहिल्याच दिवशी सांगितलं, असंच्या असं. जॉब कार्डवर त्याने काय लिहिलं तर "इंजिन ओव्हरहीटिंग, चेक करणे" आणि खाली वेगळ्या ओळीत "एसी कूलिंग कमी". झालं. कधी तापते, कुठे तापते, एसी बंद केल्यावर काय होतं, यातला एक शब्द कार्डवर नाही. जो फिटर गाडी खोलणार त्याच्यापर्यंत माझं बोलणं पोहोचलंच नाही तर तो बिचारा तरी काय शोधणार?

आधी कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, बदललं, ठीक आहे, जुनं झालं होतं. मग थर्मोस्टॅट बदलला. आता थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम झालं की रेडिएटरकडे पाणी सोडणारा झडप, तो साधारण ८२ ते ८८ डिग्रीला उघडतो, तो बंदच अडकला असता तर गाडी घाटापर्यंत पोहोचलीच नसती, दहा-पंधरा मिनिटांत गावातच उकळली असती आणि रेडिएटरचा खालचा पाइप थंडगार राहिला असता. हात लावून सुद्धा कळतं हे. तरी बदलला. काही फरक नाही. मग म्हणे वॉटर पंप. पंप गळत नव्हता, आवाज नव्हता, तरी तो पण बदलला. एसीवाल्याने वेगळंच, गॅस कमी आहे म्हणून गॅस भरला, त्याचं वेगळं बिल. जुने पार्ट मागितले तर म्हणे स्क्रॅपमध्ये गेले.

आणि पंपाबरोबर रेडिएटरचं झाकण पण नवीन टाकलं. जुन्या झाकणावर १.१ लिहिलेलं होतं, नवीन झाकणावर ०.९, झाकण किती बार दाब धरतं तो हा आकडा. मला तेव्हा कोणी सांगितलं नाही. झाकण नुसतं बंद करायला नसतं साहेब, ते आत दाब धरून ठेवतं आणि दाब असला की कूलंट उशिरा उकळतं. दाब कमी केला की उकळायचा पॉइंट तीन-चार डिग्री खाली येतो, म्हणजे आधीच काठावर असलेली गाडी अजून लवकर उकळणार. आणि झालंही तसंच, पंप आणि झाकण बदलून आणल्यावर पुढच्याच घाटात रिझर्व टाकीतून कूलंट बाहेर आलं, जे आधी कधीच झालं नव्हतं.

ती गाडी टो करून सेंटरला आणली तेव्हा एक नवीन पोरगा इंजिन गरम असतानाच रेडिएटरचं झाकण फिरवायला लागला, मी ओरडून थांबवला. आत शंभरच्या वर तापलेलं पाणी दाबाखाली असतं, झाकण सुटल्याबरोबर तोंडावर येतं. आठवडाभराच्या ट्रेनिंगमध्ये पहिली शिकवायची गोष्ट आहे ही. त्या पोराची चूक नाही, त्याला शिकवलेलं नाही. त्याला काही झालं असतं तर कोण भरून देणार होतं? कृपया हे मनावर घ्या, माझ्या पैशापेक्षा हे मोठं आहे.

त्यानंतर मला सांगण्यात आलं की हेड गॅस्केट (हेडच्या खालचं सील) गेलंय, हेड उतरवून फेसिंग, म्हणजे घासून सपाट, करावं लागेल, ३८ हजारांचं एस्टिमेट. मी विचारलं कशावरून गेलंय? उत्तर, "जुनी गाडी आहे, बाकी सगळं बदललं, आता तेच राहिलं." साहेब हे निदान झालं का? गॅस्केट गेलं तर खुणा असतात. टाकीत बुडबुडे येतात, कूलंट रोज कमी होतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर, ऑइल दुधाळ होतं. यातलं एक पण नव्हतं. कॉम्प्रेशन टेस्ट केली नाही, प्रेशर टेस्ट केली नाही, काहीच केलं नाही. मी गाडी उचलून घरी आणली.

मग भडगाव रोडवर एक जुना मिस्तरी आहे त्याच्याकडे नेली. त्याने पहिलं काम काय केलं तर पानाच्या टपरीवरून चहा मागवला आणि मला बसवून विचारलं, भाऊ कधी तापते ते सांगा. सगळं ऐकून घेतलं. मग गाडी चालू करून एसी लावला, फॅन फुल फिरत होता, आणि त्याने वहीचा एक कागद समोरच्या जाळीला लावला. फॅन हवा ओढत असेल तर कागद जाळीला चिकटून राहायला पाहिजे. कागद खाली पडला. परत लावला, परत पडला. मग टेंपरेचर गनने रेडिएटरच्या वरच्या खालच्या पाइपाचं तापमान घेतलं, फरक फारच थोडा, म्हणजे पाणी फिरतंय पण थंड होत नाहीये. गॅस्केटची शंका मनात राहू नये म्हणून त्याने निळ्या औषधाची टेस्ट पण केली, ज्यात टाकीतली हवा त्या निळ्या पाण्यातून ओढतात आणि इंजिनचा जळका गॅस असला की पेट्रोल गाडीला ते पिवळं होतं. निळंच राहिलं.

मग बंपर काढला, एसीचा कंडेन्सर, म्हणजे रेडिएटरच्या पुढे असलेली एसीची जाळी, थोडा पुढे घेतला, आणि कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधे बघितलं तर कापसाच्या बारीक रुईचा आणि फुफाट्याचा नमद्यासारखा थर बसलेला, बोटाने सोलून निघत होता. आपल्याकडे दिवाळीपासून कापसाच्या गाड्या आणि जिनिंग चालू होतात, रस्त्यावर रुई उडत असते, माझं रोजचं येणंजाणं जिनिंगच्या रस्त्यानेच आहे. ती पुढच्या जाळीतून आत जाते आणि मधल्या फटीत अडकून बसते, बाहेरून काहीच दिसत नाही. वर तुमच्या सेंटरमध्ये प्रत्येक सर्व्हिसला समोरून प्रेशरने पाणी मारतात, त्याने ती अजून आत दाबली जाते. मिस्तरीने इंजिनच्या बाजूने साध्या पाइपाने हळू पाणी सोडून ती बाहेर काढली, १.१ चं झाकण बसवलं आणि गाडी दिली. त्यानंतर मेमध्ये, ४४-४५ डिग्रीच्या उन्हात, तीन माणसं आणि सामान घेऊन एसी लावून कन्नड घाट चढलो, काटा अर्ध्यावरून हलला नाही. उभ्या गाडीत एसी पण गार करायला लागला, कारण दोन्ही तक्रारींचं कारण एकच होतं, हवा जात नव्हती.

आता माझी मागणी. थर्मोस्टॅट, वॉटर पंप, चुकीचं झाकण, एसी गॅस आणि या सगळ्याची मजुरी मला परत पाहिजे, बिलांच्या झेरॉक्स जोडल्यात. हेड गॅस्केट गेलं हे कोणत्या टेस्टवरून ठरवलं ते लेखी पाहिजे, टेस्ट केली नसेल तर तसं लिहून द्या. आणि जळगाव, धुळे, नंदुरबारच्या तुमच्या सगळ्या सेंटरना सांगा की तापण्याची तक्रार आली की कधी, कुठे, एसी चालू की बंद हे जॉब कार्डवर लिहायचं, आणि काही बदलायच्या आधी कंडेन्सर पुढे घेऊन मधली फट बघायची. खान्देशात माझ्यासारख्या जुन्या गाड्या वापरणारे हजारो लोक आहेत, शेतकरी आहेत, मास्तर आहेत, ३८ हजार म्हटले की कर्ज काढतील पण तुमच्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवतील. आमच्या शेजारचे नाना याच सेंटरला याच तक्रारीसाठी गाडी घेऊन जाणार होते, मी थांबवलं.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावं. नाही आलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. मिस्तरीने काढलेल्या रुईचे फोटो, दोन्ही झाकणांचे फोटो आणि एस्टिमेटची प्रत सोबत आहे, ०.९ चं झाकण माझ्याकडेच ठेवलंय, तुमचा माणूस पाठवा, दाखवतो.

आपला ग्राहक,
पाचोरा, जि. जळगाव