पिवळे दगड आणि धुमसती काडी

चि. सोहम यास,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझा "हो, जेवलो" एवढाच मेसेज आला. त्याआधी चार दिवस काहीच नव्हतं. हेलसिंकीत हल्ली दुपारी सव्वातीनलाच सूर्य मावळतो असं तू सांगितलंस, तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. फोनवर विचारलं की तू "सगळं ठीक आहे" म्हणून मोकळा होतोस. म्हणून आज लिहायलाच बसले.

रविवारी बाबांनी एक जुना सिनेमा लावला, 'रॉबिन्सन क्रूसो ऑन मार्स', १९६४ चा. बायरन हॅस्किन यांनी तो कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत चित्रित केला. तिथले उघडेबोडके डोंगर बघून मला खरंच मंगळावर गेल्यासारखं वाटलं. ड्रेपर नावाचा अंतराळवीर मंगळावर एकटा अडकतो. त्याचा सहकारी मॅकरेडी उतरतानाच दगावतो. सोबतीला उरते ती मोना नावाची माकडीण. मूळ यान रोज डोक्यावरून फिरत असतं, पण ते काही त्याला खाली उतरवता येत नाही.

त्याच्याकडचा प्राणवायू संपत येतो. विस्तवाजवळचे पिवळे दगड पेटतात आणि त्याच्या लक्षात येतं, की तापले की हे दगड प्राणवायू सोडतात. सोहम, मी तिथे ताडकन उठून बसले! एकतीस वर्षं नववीच्या पोरांना मी हेच दाखवत आले. परीक्षानळीत पोटॅशियम परमँगनेटचे जांभळे स्फटिक टाकायचे, खालून बर्नर लावायचा, स्फटिक तडतडायला लागले की धुमसती काडी नळीच्या तोंडाशी धरायची. काडी भपकन पेटते आणि मागच्या बाकावरची मुलंसुद्धा पुढे धावत येतात. तू पाचवीत असताना एकदा माझ्याबरोबर प्रयोगशाळेत आला होतास आणि "आई, परत कर" म्हणत सहा काड्या संपवल्या होत्यास.

सिनेमातला मंगळ पुढच्याच वर्षी खोटा ठरला, हेही सांगते. १९६५ च्या जुलैत मरिनर ४ हे यान मंगळाजवळून गेलं आणि तिथली हवा पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही विरळ असल्याचं कळलं. ड्रेपर शिरस्त्राण काढून फिरतो तसं फिरता येणं शक्यच नाही. पण दगडांची कल्पना अगदीच वाया गेली नाही. २००८ साली फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत पर्क्लोरेट नावाचा क्षार सापडला, आणि पर्क्लोरेट तापवलं की प्राणवायू सुटतो. मीर या रशियन अंतराळ स्थानकावर तर लिथियम पर्क्लोरेट जाळून प्राणवायू मिळवत असत. पुढे २०२१ च्या एप्रिलमध्ये मंगळावर उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स गाडीवरच्या मॉक्सी यंत्राने तिथल्या हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून पहिल्यांदा ५.४ ग्रॅम प्राणवायू काढला. माणसाला जेमतेम दहा मिनिटं पुरेल एवढा. मला ते वाचून फार आनंद झाला होता.

पण हे पत्र त्यासाठी नाही. सिनेमात ड्रेपरचा पाण्याचा प्रश्न मोनामुळे सुटतो. ती पाणी मागत नाही हे त्याच्या ध्यानात येतं आणि तो तिच्या मागोमाग जातो. खायलाही मिळतं. मग तो टेपवर बोलतो, की ऊब, पाणी, निवारा, अन्न हे सगळं माणसाला जमवता येतं, सगळ्यात कठीण असतं ते एकटं असणं. डोंगरात उभा राहून ओरडतो, आपलाच आवाज परत यावा म्हणून. एका रात्री मेलेला मॅकरेडी गुहेत येतो आणि नुसता बघत राहतो. ड्रेपर त्याच्यापुढे गयावया करतो, काहीतरी बोल म्हणून. तो बोलत नाही. तिथे मी बाबांना सिनेमा थांबवायला सांगितलं आणि स्वयंपाकघरात गेले. मला तू दिसत होतास, खोलीत, दिवा लावून.

नंतर उरलेला सिनेमा पाहिला. त्याला फ्रायडे भेटतो, गुलामीतून पळालेला एक परग्रहवासी. सुरुवातीला ड्रेपर त्याच्याशी मालकासारखा वागतो, ते मला अजिबात आवडलं नाही. पण शेवटी फ्रायडे स्वतःजवळच्या प्राणवायूच्या गोळ्या त्याला देतो आणि दोघं तगतात.

तू हुशार आहेस, भात लावतोस, कपडे धुतोस, अभ्यास करतोस. त्याची मला काळजी नाही. पण शेजारच्या खोलीतल्या त्या व्हिएतनामच्या मुलाबद्दल तू दोन महिन्यांपूर्वी सांगितलं होतंस, तो सूप करतो म्हणून. त्याचं पुढे काय झालं? पार्सलमध्ये गोडा मसाला जरा जास्तच घातला आहे, दोघांच्या आमटीला पुरेल. डाळ तिथे मिळतेच. दार वाजव त्याचं.

आणि शनिवारी फोन कर, मेसेज नको. तुझ्याकडे रात्र झालेली असली तरी चालेल. मी जागी असते.

तुझी,
आई