पोटगीचा हुकूम एका देशात, पगार दुसऱ्या देशात

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पती-पत्नी दोन वेगळ्या देशांत राहत असताना घटस्फोट झाला, की सगळी चर्चा 'पोटगी किती' या आकड्याभोवती फिरते. खरी दमछाक होते ती वसुलीत, आणि तिचे मूळ पुष्कळदा हुकुमाच्या मजकुरातच असते.

२३ नोव्हेंबर २००७ चा हेग निर्वाह करार, म्हणजे परदेशातून पोटगी वसूल करण्याबाबतचा आंतरराष्ट्रीय करार, १ जानेवारी २०१३ पासून लागू आहे. त्यात मुलांच्या निर्वाहखर्चासाठी दोन्ही देशांची केंद्रीय प्राधिकरणे (या कामासाठी नेमलेली सरकारी कार्यालये) मदत करतात. जोडीदाराची पोटगी मुलांच्या मागणीसोबत असेल, तर तीही त्याच वाटेने जाते. मागणी नुसती जोडीदाराच्या पोटगीची असेल, तर एखाद्या देशाने वेगळी घोषणा केल्याखेरीज ही मदत मिळत नाही. समोरच्या देशातल्या न्यायालयात स्वतःच थेट अर्ज करावा लागतो. हे ठाऊक नसल्याने प्राधिकरणाच्या उत्तराची वाट पाहण्यात महिने घालवू नयेत.

अर्जाला हुकुमाची पूर्ण प्रत, तो मूळ देशात अंमलात आणण्याजोगा असल्याचा दाखला आणि थकबाकीचा हिशेब लागतो. हिशेब कोणत्या तारखेपर्यंतचा, तेही त्यात हवे. प्रतिवादी हजर राहिला नसेल, तर त्याला रीतसर नोटीस मिळाल्याचा पुरावा लागतो, आणि सगळ्यात कच्चा दुवा हाच. परदेशी बजावणीबाबतच्या (न्यायालयाची नोटीस परदेशात पोहोचवण्याबाबतच्या) १९६५ च्या वेगळ्या हेग करारात चीनसारख्या देशांनी टपालाने बजावणी करण्यास हरकत नोंदवलेली आहे. तिथे पाकीट पोहोचले, सही झाली, तरी कायद्याच्या लेखी बजावणी झालेली नसते!

एकरकमी तडजोडीत आणखी एक खाच आहे. पोटगी आणि मालमत्तेची वाटणी यांच्या वसुलीचे नियम वेगळे. रक्कम जोडीदाराच्या निर्वाहासाठी असेल तर ती एकरकमी असली तरी पोटगीच, असे युरोपीय संघाच्या न्यायालयाने १९९७ मध्ये ठरवले. म्हणून कोणती रक्कम कशापोटी, हे हुकुमात वेगवेगळे लिहून घ्यावे. 'सर्व हक्कांपोटी' असा मोघम शब्दप्रयोग पुढे महागात पडतो. चलन कोणते आणि विनिमय दर कोणत्या दिवसाचा, हेही त्यातच यावे.

दावा कुठे लावायचा, हा प्रश्न वसुलीशी बांधलेला आहे. युरोपीय संघात पोटगी मागणारी व्यक्ती स्वतःच्या नेहमीच्या वास्तव्याच्या देशात दावा करू शकते. अमेरिकेने मात्र २००७ च्या हेग करारात सामील होताना राखीव अट घातली आहे: केवळ मागणाऱ्याचे वास्तव्य पुरत नाही, देणाऱ्याचाही त्या न्यायालयाच्या हद्दीशी संबंध हवा. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८४ च्या कायद्याखाली परदेशी घटस्फोटानंतरही न्यायालयाच्या परवानगीने आर्थिक दाद मागता येते, पण अर्जापूर्वी पुनर्विवाह केला असेल तर नाही. लग्नाची घाई इथे नडते.

देणाऱ्याची नोकरी गेली, तर तो नव्या देशात जाऊन पोटगी कमी करून घेऊ शकतो का? हुकूम मागणाऱ्याच्या वास्तव्याच्या देशात झाला असेल आणि ती व्यक्ती अजून तिथेच राहत असेल, तर २००७ च्या हेग करारानुसार सहसा नाही. त्याला मूळ देशातच अर्ज करावा लागतो. तोवर थकबाकी साचत राहते, आणि तिच्या वसुलीला दोन्ही देशांच्या मुदतींपैकी जी लांब असेल ती लागू होते.

आपली,
कौटुंबिक कायद्याची एक अभ्यासक